शस्त्र घडवणाऱ्याच्या हाती किती, फाशांच्या हाती किती?

व्हिडिओ गेममध्ये खेळाडू स्वतः शस्त्र घडवतो तेव्हा निकाल नशिबावर किती अवलंबून असावा, या विषयावर गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. काही पत्रे लांब होती, ती मुद्द्यापुरती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (नाशिक) : शस्त्रासाठी लागणारा सगळा माल खेळाडू मेहनतीने गोळा करतो. मग शेवटच्या पायरीवर निकाल नशिबावर का सोडायचा? हवा तो गुण निवडा, किंमत मोजा आणि शस्त्र घ्या, अशी सरळ व्यवस्था सगळ्याच खेळांत का नसावी?

उत्तर : अशी सरळ व्यवस्था असलेले खेळ आहेत आणि त्यांपैकी काही उत्तमही आहेत. २०११ मध्ये आलेल्या स्कायरिममध्ये धातू हाताशी असेल आणि लोहारकामाचे कौशल्य पुरेसे वाढवलेले असेल, तर तलवार हमखास तयार होते. तिथे फासे नाहीत. मात्र याच खेळातील एक प्रसिद्ध पळवाट पाहण्यासारखी आहे. किमया वाढवणारे कपडे घालून मंत्रविद्या वाढवणारे रसायन तयार करायचे, ते पिऊन आणखी प्रभावी कपडे मंत्रायचे आणि ते घालून पुन्हा आणखी तीव्र रसायन तयार करायचे. या चक्राला एक मर्यादा आहे, पण त्यात उपचारविद्या वाढवणारे रसायन आणले की ती मर्यादाही उरत नाही आणि तलवारीचा आकडा इतका फुगतो की ड्रॅगन एका घावात आडवा होतो. खेळ एकट्याचा असल्याने कोणाचे नुकसान होत नाही, हे खरे. परंतु त्यानंतर एखाद्या गुहेच्या तळाशी सापडलेली तलवार विकण्यापलीकडे कोणत्याही कामाची राहत नाही. शस्त्र घडवण्याची पूर्ण सत्ता खेळाडूला दिली की त्याची किंमत शोधण्याच्या आनंदातून वसूल होते.

ज्या खेळांत हजारो खेळाडूंचा सामाईक बाजार असतो तिथे ही किंमत अधिक ठळक दिसते. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ मध्ये आणलेला पाथ ऑफ एक्झाइल हा त्याचा उत्तम नमुना आहे. त्या खेळात २०२४ पर्यंत सोन्याची नाणी नव्हती. खेळाडूंच्या बाजारात घडवण्याचा कच्चा माल हेच चलन आहे. साध्या तलवारीवर ऑर्ब ऑफ अल्केमी हा घडाईचा जादूई गोळा वापरला की ती रेअर म्हणजे दुर्मीळ दर्जाची होते आणि तिच्यावर काही गुण आपोआप येतात, जास्तीत जास्त सहा : तीन उपसर्गाच्या जागी, तीन प्रत्ययाच्या जागी. केऑस ऑर्ब वापरला की ते सगळे पुसले जाऊन नवे येतात. शारीरिक इजा वाढवणारा सर्वांत वरच्या श्रेणीचा उपसर्ग ‘मर्सिलेस’ १७० ते १७९ टक्के वाढ देतो, पण तलवारीची स्वतःची पातळी ८३ च्या खाली असेल तर कितीही ऑर्ब खर्च करूनही तो येणारच नाही. हे माहीत असणे हीसुद्धा खेळाडूची एक सत्ता आहे आणि नवखे खेळाडू नेमके तिथेच हात पोळून घेतात.

जून २०२० मध्ये याच खेळात हार्वेस्ट नावाचा हंगाम आला. बागेत बिया पेरायच्या, पीक आले की त्यातून निघणाऱ्या राक्षसांशी लढायचे आणि बदल्यात नेमके काम करणारी कारागिरी मिळवायची, अशी त्याची रचना होती. ‘फक्त आगीचा एक गुण वाढव’, ‘उपसर्ग तसेच ठेवून बाकीचे बदल’ अशा आज्ञा प्रथमच इतक्या सढळपणे मिळाल्या आणि खेळाडू अक्षरशः हरखून गेले. जानेवारी २०२१ मध्ये ही व्यवस्था मुख्य खेळात परत आली, पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निर्मात्यांनी तिला मोठी कात्री लावली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की जवळजवळ परिपूर्ण वस्तू सहज बनू लागल्या, तर जमिनीवर पडलेली वस्तू उचलून पाहण्याचे कारणच संपते. खेळाडूंमध्ये यावरून जो संताप उसळला तो अजून पुरता शमलेला नाही.

माझ्या मते निर्मात्यांचे निदान बरोबर होते, पण उपाय सरसकट होता. बाजारात वस्तू विकणारा व्यापारी आणि कोणाशीही व्यवहार न करता एकट्याने खेळणारा खेळाडू, दोघांनाही एकच नियम लागू झाला. वास्तविक, एकट्याने खेळण्याचा वेगळा पर्याय त्या खेळात आधीपासून होता आणि बाजार ओसंडण्याचा धोका तिथे उद्भवतच नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या लास्ट एपॉक या खेळाने हा भेद ओळखला : तिथे व्यापार करायचा असेल तर मर्चंट्स गिल्डमध्ये जायचे, आणि स्वतःला सापडेल तेच वापरायचे असेल तर सर्कल ऑफ फॉर्च्यून निवडायचे, जिथे लूट अधिक मिळते पण ती विकता येत नाही.

नशीब भट्टीतून काढून दुसरीकडे ठेवण्याचाही मार्ग आहे आणि कॅपकॉमच्या मॉन्स्टर हंटर मालिकेने तो दीर्घकाळ चालवला. लोहाराकडे यादीतील माल नेला की शस्त्र ठरल्याप्रमाणेच मिळते. फासे पडतात ते शिकारीत. रथालोस या राक्षसाकडून मिळणारी रुबी अतिशय दुर्मीळ आहे, परंतु त्याची शेपटी तोडली तर तिच्यातून वेगळा माल कापून घेता येतो, म्हणजे फाशांना थोडे आपल्या बाजूला वळवण्याची सोय लढतीतच असते. वर्ल्ड या २०१८ च्या भागात तर एका विशिष्ट तिकिटाच्या बदल्यात अशी रत्ने थेट घेताही येत होती. गंमत अशी की, फेब्रुवारी २०२५ मधील मॉन्स्टर हंटर वाइल्ड्समध्ये याच मालिकेने आर्टियन शस्त्रे आणून फासे पुन्हा भट्टीत नेले. तीन भाग जोडून शस्त्र तयार होते आणि पुढे त्याला मिळणारे जोरकस गुण नशिबाने ठरतात. मला तो भाग या मालिकेच्या स्वभावाला उपरा वाटतो.

प्रश्न (सांगली) : एखादा गुण येण्याची शक्यता १ टक्का असेल तर शंभर प्रयत्नांत तो एकदा यायलाच हवा. माझ्या अनुभवात तसे होत नाही. खेळ फसवत असतात का?

उत्तर : बहुतेक वेळा फसवणूक आपल्या अंदाजाची होते. १ टक्का शक्यतेचे शंभर प्रयत्न केले तर किमान एकदा यश येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. याचा अर्थ असा की दर शंभर खेळाडूंतील साधारण ३७ जण शंभर प्रयत्न करूनही रिकाम्या हाताने उठतात. ९० टक्के खात्री हवी असेल तर २३० प्रयत्न लागतात आणि ९९ टक्क्यांसाठी ४५९. मागचे शंभर प्रयत्न वाया गेले म्हणून पुढचा प्रयत्न यशाच्या जवळ जात नाही. मागचे दान फाशांच्या लक्षात राहत नाही.

खेळाडूंना हे पटत नाही हे निर्माते जाणतात आणि म्हणून काही खेळ मुद्दाम फासे ‘सुधारतात’. वॉरक्राफ्ट ३ मध्ये २५ टक्के म्हणून दाखवलेली क्रिया प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांच्या आसपास सुरू होते आणि प्रत्येक अपयशागणिक शक्यता वाढत जाते. सरासरी २५ टक्केच राहते, पण दुर्दैवाच्या लांबलचक माळा तुटतात. फायर एम्ब्लेम मालिकेने २००२ च्या भागापासून नेम लागण्याच्या हिशेबात दोन आकड्यांची सरासरी घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसत असताना खरी शक्यता ९८ टक्क्यांच्या घरात जाते. हा दाखवलेला आकडा खोटाच आहे, परंतु खोटेपणा खेळाडूच्या मनातील अंदाजाशी जुळतो म्हणून त्याविरुद्ध कोणी ओरडत नाही.

शस्त्र घडवण्याच्या बाबतीत मला याहून प्रामाणिक वाटणारा उपाय म्हणजे वरची मर्यादा उघड सांगणे. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये वस्तूवरील रत्ने बसवण्याची सहाही छिद्रे एकमेकांना जोडण्यासाठी ऑर्ब ऑफ फ्यूजिंग वापरत राहता येतो. वीस ऑर्बमध्ये काम होईल किंवा तीन हजारांतही होणार नाही. पण खेळातील कारागिरीच्या बाकावर एक पर्याय असतो : दीड हजार फ्यूजिंग एकदम मोजा आणि जोडणी हमखास घ्या. जुगार खेळायचा की साठवत राहायचे, हा निर्णय खेळाडूचा. आपल्यासारख्या, हिशेब ठेवणाऱ्या खेळाडूने दुसरा मार्ग धरावा असे मी सुचवीन. निदान रात्री दोन वाजता उरलेले सगळे ऑर्ब एकामागून एक उडवण्याचा मोह टळतो.

प्रश्न (अमरावती) : एका खेळात बऱ्याच दिवसांनी मनासारखी कुऱ्हाड सापडली. ती थोडी सुधारायला गेलो आणि ती कायमची निरुपयोगी झाली. अशी रचना निर्माते का करतात?

उत्तर : हातातोंडाशी आलेला घास हिरावून घेणारी ही रचना जुनी आहे. १९९८ मधील लिनिएज या कोरियन खेळात शस्त्र अधिक सहापर्यंत (+६) निर्धोकपणे बळकट करता येत असे. त्यापुढे प्रत्येक प्रयत्नात शस्त्र समूळ नष्ट होण्याची भीती होती. निर्मात्यांच्या दृष्टीने याचा उपयोग स्पष्ट आहे. जगातील शस्त्रांची संख्या सतत घटत राहते, त्यामुळे उरलेल्या शस्त्रांचा भाव टिकतो, आणि अधिक नऊची तलवार हाती असलेल्या माणसाकडे गावभर आदराने पाहिले जाते. ही रचना यशस्वी आहे, पण ती मला आवडत नाही.

यात एक फरक मात्र करावा लागतो. पाथ ऑफ एक्झाइलमधील व्हाल ऑर्बही वस्तू बिघडवू शकतो : काहीच न होता ती फक्त ‘दूषित’ होईल, तिला एखादा दुर्मीळ जादा गुण मिळेल, किंवा तिचे सगळे गुण बदलून ती वेगळीच रेअर वस्तू होईल, आणि यांपैकी काहीही झाले तरी पुढे तिच्यावर काम करता येणार नाही. तरीही त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण तो ऑर्ब कधी वापरायचा हे खेळाडू ठरवतो, धोका आधीच सांगितलेला असतो आणि शस्त्र त्याच्याशिवायही पूर्ण झालेले असते. आपल्या कुऱ्हाडीच्या बाबतीत धोका वाटेच्या मध्यभागी होता. सुधारणा केल्याशिवाय ती पूर्ण होत नव्हती आणि सुधारायला जावे तर मोडण्याचे भय होते. ज्या धोक्याला नकार देता येत नाही त्यात खेळाडूची सत्ता शून्य असते, मग पडद्यावर कितीही बटणे असोत.

या दुखण्यावर लास्ट एपॉकने केलेला इलाज मला सर्वांत विचारपूर्वक वाटतो, म्हणून तो थोडा तपशिलात सांगतो. खेळ अजून विकासाच्या टप्प्यात असताना तिथेही आपल्या कुऱ्हाडीसारखीच स्थिती होती : प्रत्येक फेरफारागणिक वस्तूची अस्थिरता वाढे आणि एखाद्या क्षणी ती तडकून तिच्यावरील काम कायमचे थांबे. डिसेंबर २०२१ मध्ये ही पद्धत काढून ‘फोर्जिंग पोटेन्शियल’ म्हणजे घडाईची उरलेली ताकद आणली गेली. समजा एका कुऱ्हाडीची ताकद ३० आहे. आपण तिचा एक गुण एका पायरीने वाढवला तर तो वाढतोच, त्यात शंका नाही. फासे पडतात ते या कामात ३० पैकी किती ताकद खर्च होईल यासाठी. कधी ३ जाते, कधी १४. ताकद संपली की कुऱ्हाड आहे त्या स्थितीत राहते, मोडत नाही. ग्लिफ ऑफ होप ही पूरक वस्तू सोबत वापरली तर २५ टक्के वेळा ताकद खर्चच होत नाही. म्हणजे नशीब जागेवरच आहे, पण त्याचा प्रश्न ‘मिळेल की जाईल’ असा न राहता ‘आणखी किती पुढे जाता येईल’ असा झाला आहे. त्यातच आणखी एक शहाणपण आहे : घडवून गुण पाचव्या पायरीपर्यंतच नेता येतो, सहावी आणि सातवी पायरी असलेली वस्तू सापडावीच लागते. नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातील अडचण, म्हणजे लूट कवडीमोल होण्याची भीती, तिथे या एका नियमाने बरीच आटोक्यात येते.

याउलट, डायब्लो ४ मध्ये मे २०२४ मध्ये आलेल्या ‘टेम्परिंग’ने तोच जुना वाद पुन्हा ओढवून घेतला. गुणांचा वर्ग आपण निवडायचा, त्यातील नेमका गुण नशिबाने यायचा आणि प्रयत्न मोजकेच. प्रयत्न संपले की उत्तम तलवारीवर नको असलेला गुण कायमचा बसे. पुढे हे प्रयत्न पुन्हा भरून देणारी सोय निर्मात्यांना करावी लागली, यातच सगळे आले.

प्रश्न (डोंबिवली) : माझा मुलगा खेळातील शस्त्राचे गुण बदलणारी वस्तू पैसे देऊन विकत घेतो आणि चांगला गुण येईपर्यंत घेत राहतो. हा जुगारच नव्हे का?

उत्तर : कायद्याच्या व्याख्या देशोदेशी वेगळ्या आहेत, पण पालक म्हणून आपली शंका रास्त आहे. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस माणसाला सर्वाधिक चिकाटीने कृती करत ठेवते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. खेळातील वेळ खर्च होतो तोवर हा रचनेचा प्रश्न असतो. पैसा खर्च होऊ लागला की तो व्यवहाराचा प्रश्न होतो आणि व्यवहारात विक्रेत्याने मालाची खरी माहिती द्यायलाच हवी.

दक्षिण कोरियातील एक प्रकरण यासाठी मुद्दाम सांगतो. मेपलस्टोरी या खेळात २०१० पासून ‘क्यूब’ नावाची वस्तू विकली जाऊ लागली. ती वापरली की शस्त्राचे किंवा चिलखताचे सुप्त गुण नव्याने ठरतात. सुरुवातीला सर्व गुण येण्याची शक्यता सारखी होती, पण पुढे लोकप्रिय गुणांची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी करण्यात आली. इतकेच नव्हे, तर काही सर्वाधिक मागणी असलेल्या तिहेरी जोडण्यांची शक्यता चक्क शून्य होती. म्हणजे लोक वर्षानुवर्षे अशा दानासाठी पैसे मोजत होते जे फाशांवर कोरलेलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये तेथील न्याय्य व्यापार आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला आणि त्याच वर्षी २२ मार्चपासून अशा विकत घेण्याच्या यादृच्छिक वस्तूंची शक्यता जाहीर करणे कोरियात कायद्याने बंधनकारक झाले. चीनमध्ये तशी सक्ती २०१७ मध्येच आली होती.

सगळेच खेळ असे नाहीत, हेही मुलाशी बोलताना लक्षात ठेवावे. वर उल्लेख आलेल्या पाथ ऑफ एक्झाइलमध्ये नशिबाचे साम्राज्य आहे, पण घडवण्याचे ऑर्ब कंपनीच्या दुकानात मिळत नाहीत; तिथे सजावट आणि सामान ठेवण्याच्या जादा जागा विकल्या जातात. आपल्या मुलाच्या खेळाची शक्यतांची यादी प्रसिद्ध झाली आहे का, हे त्याच्यासोबत बसून शोधा. असल्यास सांगलीच्या वाचकांना दिलेला हिशेब त्या आकड्यांवर मांडा आणि ९० टक्के खात्रीसाठी किती रुपये लागतील ते त्यालाच काढू द्या. यादीच नसेल तर खरेदी थांबवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही तिघे मित्र एक छोटा खेळ तयार करत आहोत. त्यात तलवारी घडवण्याची सोय आहे. नशीब कुठे ठेवावे?

उत्तर : शक्यतो खेळाडूच्या निर्णयाच्या आधी. निर्णय झाल्यावर पडणारे फासे शिक्षेसारखे वाटतात, तर आधी पडलेले फासे कोड्यासारखे. हेड्स या २०२० च्या खेळात डिडॅलसचा हातोडा सापडला की शस्त्रातील तीन बदल समोर येतात आणि त्यांतील एक निवडायचा असतो. कोणते तीन येतील ते नशीब ठरवते, पण हातातल्या शस्त्राला आणि आतापर्यंत जमवलेल्या वरदानांना कोणता शोभेल हे खेळाडू ठरवतो. चुकले तर तो स्वतःला दोष देतो, खेळाला नाही, आणि पुढच्या खेपेस अधिक शहाणा होऊन येतो.

जिथे निकाल निर्णयानंतरच पडणार असेल तिथे डायब्लो ३ मधील मिस्टिक या कारागीर पात्राचा अभ्यास करा. ती वस्तूवरील एकच गुण बदलू देते. दोन नवे पर्याय दाखवते आणि तिसरा पर्याय जुनाच गुण ठेवण्याचा असतो, त्यामुळे वस्तू आधीपेक्षा वाईट होऊच शकत नाही. मात्र एकदा एक गुण निवडला की त्या वस्तूवरील बाकीचे गुण कायमचे कुलूपबंद होतात आणि त्याच गुणासाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्याला शुल्क वाढत जाते. त्यामुळे खरी परीक्षा पहिल्या निवडीत असते : कोणता गुण टाकाऊ आहे हे ज्याला ओळखता आले त्याचे निम्मे काम तिथेच झाले.

एक तांत्रिक गोष्ट विसरू नका. खेळ साठवून, तलवार घडवून, मनासारखे न झाल्यास साठवलेली प्रत पुन्हा उघडण्याची सवय खेळाडूंना असतेच. ती रोखायची असेल तर फाशांचे बीज, म्हणजे ज्या आकड्यावरून पुढची दाने निघतात तो आकडा, साठवलेल्या फाइलमध्येच ठेवा, म्हणजे तीच कृती पुन्हा केली तर तोच निकाल येईल. २०१२ च्या एक्सकॉममध्ये असेच केले होते. पण तुमचा खेळ एकट्याने खेळण्याचा असेल आणि खेळाडू एका तलवारीसाठी वीस वेळा फाइल उघडत असेल, तर बीज लपवण्याआधी त्या तलवारीची शक्यता तपासा. बहुधा ती फार कमी ठेवली गेली असेल.